गुलाबाची चोरटी फांदी

एका गावात त्रिंबकअण्णा नावाचे एक गृहस्थ होते आणि त्यांच्या अंगणात एक गावठी गुलाब होता. वास असा, की मागच्या आळीत भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना वाटे, तव्यावर गुलकंद शिजतोय. मी वाढवून सांगत नाही. वाढवायचंच असतं, तर तो वास तालुक्यापर्यंत नेला असता.

गुलाब लावला होता अण्णांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी. त्या गेल्या आणि अण्णांना घरात बोलायला तेवढं झाडच उरलं. त्याला ते कुणाला कात्री लावू देत नसत. कुणी फांदी मागितली, की म्हणत, "उद्या माझं बोट मागाल!"

पण गावातल्या बायकांचं शास्त्र वेगळं. गुलाबाची फांदी मागून आणली तर जगत नाही, चोरून आणली तरच मूळ धरते, असं त्या मानत. शेजारच्या चंद्राक्कांनी भरदुपारी कुंपणावरून हात घातला आणि एक फांदी मोडली. अण्णांनी पाहिलं. "चोर! चोर!" असा ओरडा केला, की अख्खी आळी गोळा झाली. त्या दिवसापासून बोलणं बंद.

वर्ष गेलं, उन्हाळा आला. अण्णा मायेपोटी झाडाला घागरीमागून घागरी घालत राहिले. मुळं कुजली. झाड काळं पडलं. अण्णा त्याच्याजवळ बसून राहिले, जेवायलाही उठेनात.

तेव्हा चंद्राक्का कुंडी घेऊन आल्या. कुंडीत हातभर गुलाब, शेंड्याला एक फूल.

"घ्या तुमचा मुद्देमाल," त्या म्हणाल्या.

अण्णांनी वास घेतला. तोच! "माझं झाड" हे शब्द ओठांवर आले होते. माणसाच्या ओठांवर आधी तेच येतात. पण अक्कांच्या हातांवरचे काट्यांचे ओरखडे दिसले आणि शब्द आत वळले.

"चंद्राक्का, मी तुम्हाला गावासमोर चोर म्हणालो."

"खोटं कुठे म्हणालात? चोरलीच होती."

"बरं झालं चोरलीत! वत्सलाचा गुलाब तुम्ही राखलात. कुंडी तुमचीच. मला फक्त एक फांदी द्या."

"मागितलेली जगत नाही हो, अण्णा."

"हात जोडून मागतोय. जगेल."

अक्कांनी कात्री त्यांच्याच हातात दिली. "फुटव्याच्या डोळ्याखाली, तिरकी कापा. आणि पाणी बेतानं! मायेला जरा आवर घाला."

फांदी जगली. पुढे अण्णांच्या दारी फांदी मागायला माणसं येऊ लागली. अण्णा प्रत्येकाला देत आणि देताना सांगत, "ही आमच्या चंद्राक्कांच्या झाडाची."

तात्पर्य: आपलं गेलेलं ज्याने जगवलं, त्याच्यापुढे आधी हात जोडावेत, मालकी मागाहून आठवली तरी चालते, आणि नाहीच आठवली तर फारच उत्तम.