वैशाखातली झूल

एकदा एक वृद्ध आचार्य शिष्याला घेऊन पांजरपोळात कुत्रा आणायला गेले. गुबगुबीत, झुपकेदार शेपटीची पिल्ले जाळीला नाके लावून उभी होती. त्यांच्याकडे न पाहता आचार्यांनी तिथल्या व्यवस्थापकाला विचारले, "लोकांनी नेऊन पुन्हा आणून सोडलेला असा कोणी आहे?"

व्यवस्थापकाने संकोचून कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे बसलेल्या कुत्र्याच्या अंगावर नावालाही केस नव्हता. काळपट, सुरकुतलेले कातडे तेवढे दिसत होते.

"जन्मतःच असा आहे, महाराज. खरूज नाही, रोग नाही, डॉक्टरांनी तपासलंय. पण शेजारीपाजारी नाकं मुरडतात, मग नेणारे आणून सोडतात."

"आता कोणी सोडणार नाही," आचार्य म्हणाले आणि त्याला घेऊन आले.

आश्रमात कुजबुज सुरू झाली. आचार्य त्याला प्रवचनालाही बरोबर नेत; तिथले श्रोते त्याला पाहताच मुलांना कडेवर उचलून घेऊ लागले. ज्यांच्या सभामंडपात हे प्रवचन होई, ते कापडाचे व्यापारी शेठजी एके दिवशी शिष्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आचार्यांना मी काय सांगणार? पण लोकांना किळस येते रे. एक तर त्याला परत पाठवा, नाही तर झाकून ठेवा. मखमल मी देतो."

शिष्याला हायसे वाटले. कुत्र्यावर त्याचा जीव जडला होता आणि चारचौघांत त्याची लाजही वाटत होती. एका झुलीत दोन्ही भागणार होते. त्याने मन लावून जरीच्या किनारीची झूल शिवली. लोकांनी त्याच्या भूतदयेचे तोंडभरून कौतुक केले. कुत्रा मात्र जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, कारण दिवस वैशाखाचे होते. कौतुक ऐकण्यात गुंतलेल्या माणसाला असल्या गोष्टी दिसत नाहीत.

पुढच्या प्रवचनात आचार्य बोलता बोलता थांबले. आसनावरून उतरून ते कुत्र्यापाशी गेले, झुलीचे बंद सोडले, तिची नीट घडी केली आणि ती शेठजींच्या हातात ठेवली. मग खोबरेल तेलाची वाटी मागवून सर्वांसमक्ष त्या उघड्या पाठीला तेल चोळू लागले. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"गुरुजी, मी ती त्याच्यासाठीच शिवली होती," तो कसाबसा म्हणाला.

"नाही," आचार्य म्हणाले. "वैशाखात त्याला झूल कशाला? थंडी त्याला वाजत नव्हती, लाज तुला वाटत होती. पांघरूण मात्र त्याच्या अंगावर आले. नजर बिघडते पाहणाऱ्याची आणि उपाय होतो दिसणाऱ्यावर. कोड असलेल्या मुलीला आपण भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायला लावतो आणि वर त्याला माया म्हणतो. मला ही माया नको. हा इथे असाच राहील. ज्याला पाहवत नसेल, त्याने झूल स्वतःच्या डोळ्यांवर घालावी."

शेठजी ताडकन उठले. "मग उद्यापासून मंडपाला कुलूप."

"लावा," आचार्य शांतपणे म्हणाले. "आश्रमातल्या चिंचेखाली पुष्कळ सावली आहे."

चिंचेखाली श्रोते निम्मेच आले. आचार्यांना त्याचे काही वाटले नाही. शिष्याला मात्र वाटले. काही दिवसांनी फाटकाशी शेठजी येऊन उभे राहिले. प्रवचनाची सवय अशी सहजी सुटत नाही.

"त्याला तेवढा मागे नेऊन बांध," ते शिष्याला म्हणाले, "म्हणजे मी आत येतो."

एरवी शिष्याने गुरूंकडे पाहिले असते. या वेळी त्याने पाहिले नाही.

"शेठजी, तो इथेच बसतो," तो म्हणाला. "चपला त्याच्याजवळ सोडा. तो राखण करतो."

शेठजींनी बराच वेळ चपला सोडल्याच नाहीत. मग सोडल्या आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

आचार्यांनी हे सारे झाडाखालून ऐकले होते. शिष्य जवळ येताच ते आसनावरून बाजूला सरकले आणि म्हणाले, "बस. आज तू बोल."