मोगरीच्या दारी थांबली पालखी

“दिवस मावळला की झाडाला हात लावू नये, पोरी. झाडं निजतात.”

आवडाकाकूंना जाऊन कितीतरी वैशाख लोटले होते, पण तिन्हीसांजेला अंगणात पाऊल टाकलं की राहीच्या कानी हा आवाज हटकून येई.

त्या काळी उद्धवगिरी महाराजांचा मुक्काम सावळदरीत, नदीकाठच्या मठीत असे. गाव लहान, पण तिथलं नृसिंहाचं ठाणं जागतं. नृसिंहजयंतीला दिवस मावळता मावळता देवाचा जन्म होई, आणि देवाच्या गळ्यात पहिला हार पडे तो राहीच्या अंगणातल्या मोगरीचा.

राही ही आवडाकाकूंच्या माळ्याची लेक. परकर सावरत काकूंच्या मागे मागे बागेतच वाढली. लग्न होऊन गावातल्या गावातच नांदायला गेली, तेव्हा काकूंनी आपल्या मोगरीची फांदी तिच्या ओटीत घातली. म्हणाल्या, “माझे हात थकले गं. देवाचा पहिला हार आता तू करीत जा.” राहीने तो शब्द जपला. मनात मात्र एक काटा रुतून होता. काकू अंथरुणाला खिळल्या, गेल्याही; पण शेवटी त्यांनी एकदासुद्धा आपल्याला बोलावलं नाही. आणि न बोलावता त्या थोरल्या दारात शिरायचं कसं? ‘काकू मला विसरल्या,’ असं ती मनाशी म्हणे आणि मोगरीला पाणी घाली.

काकूंचे चिरंजीव विसाजीपंत देवस्थानचे मानकरी. आईची मोगरी खणून काढून तिथे त्यांनी कलमी गुलाब लावले होते. माळ्याच्या पोरीचा मान त्यांच्या डोळ्यांत सले. “यंदा हार वेळेवर आला तर आला,” पारावर बसून ते म्हणाले होते, “नाहीतर पुढं मान आमच्या बागेचा. देवानं काय कुणाच्या परसाची वाट बघत बसायचं?”

आणि नेमका जयंतीच्याच सकाळी वळीव कोसळला! गारांनी अंगण पांढरं झालं. मोगरीची एकूण एक कळी चिखलात गेली. जमिनीला लागलेलं फूल देवाला चालत नाही. राही उंबऱ्यातच बसून राहिली.

एवढ्यात घोंगडीची खोळ घेऊन महाराज दारात उभे! म्हणाले, “पोरी, खुरपं कुठाय?”

“महाराज, आता खुरपून काय करू? हार गेला. काकूंचं माझ्यापाशी तेवढंच होतं.”

“फुलं गेली म्हणून झाड परकं झालं होय गं? आज त्याच्याकडे काही मागायचं नाही. आज नुसतं त्याचं करायचं.”

मग पाऊस भुरभुरत राहिला आणि दोघं बागेत राबत राहिली. आळ्यांत तुंबलेल्या पाण्याला वाट करून दिली. उघड्या पडलेल्या मुळांवर माती ओढली. मोडलेल्या फांद्यांना कामट्यांचा आधार दिला, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी हळू बांधलं. हात मातीत गेले तसं राहीचं मन निवलं, आणि काकूंची ओवी आपसूक ओठांवर आली:

“पाणी घालिते मोगरीला, आळं भरून वाहू दे,
माझ्या माउलीची माया, पानोपानी राहू दे.”

छत्री सावरत पंत कुंपणापाशी आले. “काय गं राही, हार झाला का? का गारांचाच ओवलास?” मग महाराजांकडे बघून हसले. “आणि महाराज, मठी सोडून आज चिखलात?”

महाराज म्हणाले, “मठीतल्या देवाला गारा लागत नाहीत, पंत. हिला लागल्या.”

राहीने पुन्हा ओवी धरली. आईची ती ओवी ऐकून पंत जरा थबकले. पण मान उडवून चालते झाले.

संध्याकाळी ढग फाटले. देवळात नगारा झाला, देवाचा जन्म झाला. पहिला हार पंतांच्या गुलाबांचा पडला. इकडे दिवस बुडाला, आणि काय नवल सांगावं! ज्या मोगरीवर एक कळी उरली नव्हती, ती राहीच्या डोळ्यांदेखत शेंड्यापासून बुडख्यापर्यंत फुलून आली. चांदणं सांडावं तशी!

राहीचा हात पुढे गेला. पहिला मान गेला तरी अजून धावत गेलं तर देवाच्या गळ्यात हार पडला असता. पण हात तसाच थांबला. “महाराज, दिवस मावळला. झाडं निजली. नाही तोडवत.”

महाराजांचे डोळे भरून आले. “नको तोडूस, बाळ. ज्याला हवीत तो येईल.”

वाजत गाजत पालखी निघाली. पुढच्या दांडीला खुद्द पंतांचा खांदा. राहीच्या कुंपणापाशी आली, आणि पाऊल पुढे पडेना!

“चला रे! जेवला नाहीत का?” पंत गरजले.

मागचा एक जण म्हणाला, “पंत, मागनं तर फुलासारखी हलकी लागतीय. जड असंल तर पुढनंच.”

वाऱ्याची झुळूक आली. मोगरीची एक उंच फांदी कुंपणावरून वाकली आणि फुलांसकट देवाच्या गळ्याशी जाऊन टेकली. न तोडलेली फुलं देवाने अशी घेतली! घमघमाट सुटला. तो वास पंतांच्या ओळखीचा होता. लहानपणी आईच्या पदराला यायचा, तोच.

महाराज कुंपणाबाहेर आले आणि हळूच म्हणाले, “पंत, देव तर एवढासा. मग हे ओझं कशाचं?”

पंतांनी दांडीखालून खांदा काढला. शेजारच्याने खांदा दिला, तशी पालखी अलगद उचलली गेली. पंतांनी पगडी उतरवली आणि महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्यांना उठवलं. “माझ्याकडे काय आहे? ज्याचं आहे त्याला द्या.”

पंत वळले. चिखलाने माखलेल्या हातांनी राही फाटकात उभी होती. त्या मातीतच पंतांनी तिच्यापुढे डोकं टेकवलं.

“अहो, हे काय पंत! उठा,” राही घाबरली.

पंत उठले नाहीत. खाली मान घालूनच बोलले, “आम्ही सगळे उशाशी होतो, राही. तरी आई एकसारखी म्हणत होती, ‘माझ्या राहीला बोलवा.’ मला राग आला. निरोप मी धाडला नाही. आई तुला विसरली नव्हती गं... दाराकडे बघत बघत गेली.”