देवराईतला एक घाव

“पण बुवा, किंमत वसूल होते की नाही, एवढंच सांगा ना!”

यतीशने पुन्हा विचारलं. हिरागिरी बुवा चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होते. समोर यतीशची नवी सुरी ठेवलेली.

सुरी देखणी होती, त्यात वादच नाही. परदेशात घडवलेली, पातं मुठीत न मिटणारी. पात्याचं पोलाद मुठीतून थेट शेवटापर्यंत गेलेलं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची. यतीश डोंगर हिंडलेला माणूस. हत्यारातलं त्याला कळायचं, आणि आपल्याला कळतं हे सांगायलाही आवडायचं.

“पैसे कुठून आणलेस?”

“मोटारसायकल विकली.”

“मग आलास कसा?”

“एसटीने.”

बुवा मिशीत हसले.

“मित्र म्हणतात, बाजारातला साधा चाकूही हेच काम करतो. मी म्हणतो, ही माझ्या नातवाच्या हातात जाईल. खरं कोणाचं?”

“काय काय कापलंस हिने?”

“दोर कापला. बांबू तासला. कागद तर नुसता धरला तरी…”

“म्हणजे अजून काहीच कापलं नाहीस,” बुवा म्हणाले आणि त्यांनी भाकरी उलटली.

यतीशला राग आला. मागचा पावसाळाभर तो बुवांकडे राहिला होता, पाणी भरलं होतं, लाकडं वाहिली होती. पण झोपडीपलीकडच्या देवराईत, देवीच्या तांदळ्यापुढे, म्हणजे शेंदूर लावलेल्या दगडापुढे, रोज जो दिवा लागायचा, त्याला बुवांनी अजून हात लावू दिला नव्हता. बुवा पोरवयात इथे आले तेव्हापासून तो दिवा तेच लावत. त्यांच्या गुरूंची समाधीही तिथेच.

देवराईचा नियम जुना होता. तिथली वाळकी काटकीही कोणी मोडत नसे. हत्यार म्यानात असेल तर आत न्यायला हरकत नव्हती. मात्र शिवेच्या दगडाच्या आत ज्याने पातं उघडलं, त्याला देवराई कायमची बंद. पाहायला कोणी नसे. तरी सगळे पाळत.

म्हणून तर ती झाडं तशी होती. चार माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे बुंधे. वर पाहिलं की आभाळ सापडत नसे. आत पाऊल टाकलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येई.

भाकरी अर्धी खाऊन होते तोच देवराईतून भेकर हरीण भुंकलं. पुन्हा भुंकलं. थांबेचना.

दोघे आत गेले. उठताना यतीशने सुरी म्यानात घालून कमरेला लावली होती.

गारंबीचे दोन वेल, मनगटाएवढे जाड, एकमेकांना पीळ घालून वर गेले होते. त्या पिळात भेकराच्या पिल्लाची मान अडकली होती. ते धडपडायचं, तसा फास आवळायचा. जीभ बाहेर आली होती.

आणि समोरच त्याची आई उभी होती. माणसं पाहूनही ती पळाली नाही.

दोघांनी वेल ओढून पाहिले. बुवांनी खांदा लावला. वेल हलले नाहीत.

पिल्लाची धडपड मंदावली.

यतीशचा हात कमरेकडे गेला.

“म्यान उघडू नकोस.”

“बुवा, मरेल ते!”

“उघडू नकोस म्हणतो ना!”

यतीशची मूठ सुरीवरच राहिली. हा माणूस नियमापायी जीव जाऊ देणार? त्याला बुवांचा त्या क्षणी तिटकारा आला.

बुवांनी एकदा समाधीकडे पाहिलं. एकदा तांदळ्याकडे. सकाळचा दिवा अजून तेवत होता…

मग त्यांनी हात पुढे केला.

“इकडे दे.”

यतीशने सुरी दिली. ती देताना आपण काय देतो आहोत, हे त्याला कळलं नाही.

बुवांनीच म्यान काढलं. पिल्लाच्या मानेवर डावा हात आडवा ठेवला आणि एकच घाव घातला. पातं वेलातून असं गेलं की आवाजही झाला नाही. दुसरा घाव घालावा लागता, तर तेवढ्या वेळात पिल्लू राहिलं नसतं. कापल्या वेलातून पाणी ठिबकू लागलं.

पिल्लू पडलं. उठलं. आईपाशी गेलं. आईने त्याला चाटलं, आणि दोघं झाडीत दिसेनाशी झाली.

सगळ्या रानात हूं नाही की चूं नाही.

बुवांनी पातं धोतराला पुसलं. समाधीला हात जोडले. तांदळ्यापुढे डोकं टेकलं. मग मागे न पाहता ते चालत गेले आणि शिवेचा दगड ओलांडून बाहेर जाऊन बसले.

यतीश धावत दगडापर्यंत आला.

“बुवा… कोणी पाहिलं नाही.”

बुवांनी मान वर करून झाडांकडे पाहिलं. यतीशनेही पाहिलं. त्याचे डोळे खाली आले ते भरून.

“मीच कापत होतो की! बंदी मला झाली असती. माझं काय अडलं होतं?”

“माझ्यामागे दिव्याचं अडलं असतं. मी म्हातारा झालो.”

“मी… दिवा लावू?”

“तेल कोनाड्यात आहे. वात मोठी करू नकोस.”

यतीश दगडाच्या आत, बुवा बाहेर. बुवांनी सुरी म्यानात घातली, मूठ त्याच्याकडे करून दगडावरून पुढे धरली.

“टाकून देतो मी ती, बुवा. नको मला.”

“वेडा आहेस. चांगली आहे सुरी. घे… किंमत मी दिली. वसूल तू कर.”