कुरतडलेलं जंगल

एक होतं जंगल. तिथला राजा वाघ. तो रीतसर निवडून आलेला होता; मतदानाच्या दिवशी बाकीचे उमेदवार त्याच्या पोटात होते, त्यामुळे निकाल लवकर लागला.

मी त्याच जंगलात राहते. मी शेकरू, नाव झुपकी. माझी शेपटी फार सुंदर आहे. हे मी स्वतः सांगायची गरज नाही, पण सांगते.

एकदा जंगलात शिंकांची साथ आली. हरणं शिंकली, तरस शिंकले, काही जण शिंकले ते पुन्हा उठलेच नाहीत. तेव्हा महाराज खडकावर चढले आणि म्हणाले, "प्रजाजनहो, ढोलीबाहेर पडू नका. शिंक आलीच तर जंगलासाठी गिळा." आम्ही भारावून आपापल्या ढोलीत शेपट्या आपटल्या.

बोलायचं ते पानावर, असं ठरलं. पानावर नखानं लिहायचं, माकडं ते ढोलीढोलीत फिरवणार, आणि ज्याला आवडलं त्यानं कड कुरतडायची. पान जितकं कुरतडलेलं, तितका मान मोठा.

मी रोज शेपटीचं चित्र पाठवायचे. डावीकडून, उजवीकडून, आणि एक 'आत्ताच झोपेतून उठले' असं, ज्यासाठी मी सकाळभर शेपटी विंचरायचे. पान परत आलं की त्यावरचे दात बघायचे. कमी वाटले की तोंड पाडून बसायचे. आई म्हणायची, "झुपके, जेवताना तरी ते पान खाली ठेव." पण तीही रानडुक्करकाकांचं 'शुभ सकाळ' कुरतडण्यात गुंग असायची.

मग औषधाचा मध संपला. तो अस्वलांच्या गोदामात होता. अस्वलं मात्र साथीच्या काळातही चांगली बाळसेदार दिसत होती. आनंदमंत्री कोल्हेसाहेबांनी लगेच पान काढलं, 'मधाविना जगण्याचे फायदे'. खाली फुलपाखरू काढलेलं होतं. मी फुलपाखरासाठी कुरतडलं. दुसऱ्या दिवशी जाहीर झालं की शेकरू समाजाचा या धोरणाला भरघोस पाठिंबा आहे.

समोरच्या झाडावर उदी राहायची, माझी मैत्रीण, उदमांजर. तिची आई साथीत गेली, तेव्हापासून ती ढोलीत एकटी. एके दिवशी तिचं पान आलं. पण आमच्याकडे दुःखाचं पान सर्वांत जास्त कुरतडतात; माया दाखवायची दुसरी रीतच नाही. माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यावर एवढंच उरलं होतं : 'जेवण जात नाही, कुणी'. पुढचं सगळं मायेनं खाल्लेलं. मला जरा हेवाच वाटला, इतके दात माझ्या शेपटीला कधी लागले नव्हते. मीही मायेनं एक चावा घेतला आणि पान पुढे पाठवलं.

असं करता करता झाडांची पानंच संपली. जंगल उघडंबोडकं झालं. महाराजांनी त्याचं नाव 'घरोघरी सूर्य' ठेवलं आणि स्वतः गुहेत सावलीला गेले.

पानं गेल्यावर मला काहीच सुचेना. सवयीनं समोर बघितलं, तर मध्ये आता काही नव्हतंच. उदी स्पष्ट दिसली. ढोलीबाहेर अर्धी लोंबत होती, बरगड्या वर आलेल्या, डोळे मिटलेले.

मी बंदी मोडून उडी मारली. अंतर एका उडीचं होतं. इतके दिवस मी तेवढ्यासाठी माकडाची वाट बघत होते.

तोंडात आणलेलं उंबर तिच्यापुढे ठेवलं आणि शेपटीभर अंतर राखून बसले. बराच वेळ ती हललीच नाही. मला तर रडूच आलं. मग तिनं एक डोळा उघडला.

"पानावर मोठी दिसते गं तुझी शेपटी."

"तू खा आधी," मी म्हटलं.

तिनं उंबर खाल्लं. हळूहळू, पण सगळं.

तिला चालता यायला लागलं तशी मी तिला घेऊन कोल्हेसाहेबांकडे गेले. सांगितलं की ही मरता मरता वाचली, अशा आणखी किती ढोली असतील, निदान मध तरी द्या. साहेबांनी सगळं मान हलवत ऐकलं. उदीच्या बरगड्यांकडे आपुलकीनं बघितलं. मग हात पुढे करून म्हणाले, "बाळ, हे पानावर लिहून आण."

आम्ही दोघींनी वर बघितलं. सगळीकडे नुसत्या फांद्या.

संध्याकाळी दरबारात जाहीर झालं की साथीच्या काळात जंगलात कुणीही उदास नव्हतं. तशी एकही लेखी नोंद उपलब्ध नाही.