मंदारवतीचे ओगराळे

एका राज्यात थंडी अशी पडे की तळ्याचे पाणी थिजून दगडासारखे होई आणि बगळेसुद्धा एका पायावर उभे राहण्याचा हट्ट सोडून दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसत. तिथे चाल होती की तळे गोठले की काठावर हंडा चढायचा. तळ्यातल्या मासळीचे, ज्वारीच्या कण्या घालून दाट केलेले कालवण राणीने स्वतःच्या हाताने वाढायचे. पहिला मान अनोळखी पाहुण्याचा, आणि त्याला वाढताना ओगराळे हंड्याच्या तळाला लागलेच पाहिजे. कारण तुकडे आणि कण्या बसतात खाली, वर तरंगतो तो नुसता रस्सा.

राणी मंदारवती मनाची मोठी, पण त्या वर्षी तिची नजर चुकली. पहिला पाहुणा आला तो फाटक्या घोंगडीतला म्हातारा. पलीकडे सरदार ताटकळत होते. ‘तुकडे त्यांना राहू देत,’ असा विचार करून राणीने वरच्यावर ओगराळे फिरवले आणि म्हाताऱ्याच्या वाडग्यात पाणी ओतले. तो होता मांत्रिक हिमकेश.

तो म्हणाला, “राणी, तू मला वरवरचे वाढलेस. तुझ्या राज्याला ऊबही वरवरचीच मिळो.”

झाले. चुली भडाभडा पेटत, पण हात शेकत नसत. भाताला वाफ येई आणि घास घशाखाली उतरला की गार पडे. राजा धैर्यकेतू तर पायांपासून दगड होऊ लागला. आधी पावले, मग गुडघे, मग कंबर. तो थट्टेने म्हणे, “चला, आता सिंहासन वेगळे नको.” राणी हसत नसे. दगड छातीपर्यंत पोचला की काळीज थांबणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

राणी तळ्याकाठी जाऊन रडली. गोठलेल्या लव्हाळ्यावर बसलेला निळा खंड्या तिच्याकडे पाहून म्हणाला, “बाईसाहेब, रडू आवरा. जे बिघडले हंड्यात, ते सुधारेल हंड्यातच. तळातली जुनी मरळ स्वखुशीने यावी. जिवंत निखारा हातावर आणावा. आणि पहिला येईल त्याला चालीप्रमाणे वाढावे.”

राणीने पहारीने बर्फ फोडला. खालून मरळ वर आली. हातभर लांब, काळीभोर.

“मला कोणासाठी शिजवणार?” तिने विचारले.

“माझ्या राजासाठी.”

मरळ बुडी मारून गेली. राणी भोकाशी बसून राहिली, बोटे निळी पडली तरी उठली नाही. मासळी पुन्हा वर आली आणि तोच प्रश्न तिने पुन्हा केला.

या वेळी राणी म्हणाली, “जो पहिला येईल त्याच्यासाठी.”

“वचन?”

“वचन.”

मरळ उडी मारून तिच्या ओच्यात पडली.

आता निखारा. साऱ्या राज्यात एकच चूल खरी तापत होती, येसू भोईणीची. शापाच्या दिवशी उपाशी परतणाऱ्या म्हाताऱ्याला तिने आपले मडके खरवडून वाढले होते. म्हणून शाप तिच्या उंबऱ्याशी थांबला होता.

“न्या की, राणीसाहेब,” येसू म्हणाली. “पण चिमटा लावाल तर इझंल बघा. तळहातावरच न्यावा लागंल.”

राणीने तळहात पुढे केला. कातडी चरचरली. तिच्या डोळ्यांत पाणी आले ते मात्र सुखाचे. किती दिवसांनी तिला ऊब कळली होती!

मग तिने त्या निखाऱ्यावर चूल पेटवून कालवण केले, आणि काय केले म्हणता! राख आणि मीठ चोळून मरळीचा बुळबुळीतपणा काढला. डोके आधी उकळून त्याचा रस उतरवला. त्यात भाजला कांदा, ठेचलेला लसूण, मिरी, चिंचेचा कोळ. कण्या रटरटून फुलल्या तेव्हा शेवटी तुकडे सोडले, आणि ते मोडू नयेत म्हणून ढवळले नाही, हंडाच कान धरून हलवला. वास असा सुटला की पहारेकरी भाले टाकून आले. राजाला पालखीतून आणून हंड्याशी बसवले. दगड बरगड्यांना लागला होता.

पण पहिला वाडगा पुढे आला तो ओळखीचा. फाटकी घोंगडी, तीच. हिमकेश!

राणीचे रक्त उसळले. ज्याने माझा धनी दगड केला, त्याच्याच तोंडी हे तुकडे? ओगराळे त्याच्या टाळक्यात घालावे असे तिला वाटले, आणि वाटले तर तिचे काय चुकले? पण वचन दिले होते. तिने ओगराळे खोल घातले, तळाला लागल्याचा आवाज आला, आणि वाडगा तुकड्यांनी भरला.

“आणखी,” हिमकेश म्हणाला.

तिने पुन्हा तळातून वाढले. राजाचा श्वास जड झाला होता.

“आणखी.”

राणीने राजाकडे पाहिले. त्याने पापण्यांनीच होकार दिला. तिसऱ्या वेळी ओगराळे तळ खरवडून वर आले, शेवटच्या कणीसकट, आणि तेही तिने त्यालाच वाढले.

हिमकेशने तोंड पुसले. “राजाला काय उरले?”

“वरचे पाणी,” राणी म्हणाली.

“मग तेच वाढ.”

तिने नुसता रस्सा राजाच्या ओठी लावला. एक घोट उतरला आणि छाती तांबूस झाली. दुसऱ्याने कंबर सुटली. तिसऱ्याने पावले हलली, आणि गावभर चुलींपुढे बसलेल्या बायांनी “अगंबाई, भाजलं!” म्हणून आनंदाने हात मागे घेतले.

हिमकेश वाडगा पालथा घालून निघून गेला. राजाने हंड्यात डोकावून पाहिले आणि म्हणाला, “राणी, एकही तुकडा नाही?”

“नाही.”

“पुढच्या वर्षीही मला शेवटीच वाढ,” राजा म्हणाला, आणि भाजलेला तो तळहात त्याने आपल्या ऊन झालेल्या छातीवर धरून ठेवला.

तेव्हापासून त्या राज्यात राजा सर्वांत शेवटी जेवतो. ज्यांच्या घरचे ओगराळे तळाला लागते त्यांची चूल सदा तापो, आणि ही कथा ऐकणाऱ्यांचीही.