एक्केचाळिसावी नोंद

“पण दोन्ही क्वेरी सारख्याच आहेत असं टूल सांगतंय, तर चूक माझी कशी, सर?”

तन्मय आठ वर्षांनी इनामदार सरांकडे आला होता, तो लॅपटॉप उघडूनच. मुलगा पहिल्यापासून हुशार, इकडचं तिकडचं बोलण्यात वेळ घालवणारा नव्हे.

टूल त्यानेच बनवलेलं. एक्सएमएल नोंदींवर दोन क्वेरी चालवायच्या, म्हणजे संगणकातल्या यादीला एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारायचा; उत्तरांत फरक असेल तिथे लाल रेघ. पुरात कुणाकडे बोट धाडायची ते ठरवायला मदतकेंद्राने या टूलच्याच भरवशावर जुनी क्वेरी काढून तन्मयची नवी लावली.

जुनी म्हणायची, ‘सुखरूप’ असतील ते वगळा, उरलेले सगळे द्या. नवी म्हणायची, ज्यांच्या स्थितीत ‘सुखरूप’ सोडून दुसरं काही लिहिलंय, ते द्या.

नव्या यादीप्रमाणे बोटी निघाल्या.

इंदुबाई चौगुले त्या यादीत नव्हत्या. त्यांच्या नोंदीत स्थितीचा रकानाच नव्हता. चौथ्या दिवशी त्या माळ्यावर सापडल्या... गेलेल्या.

“आता चौकशी लागलीय. टूल निर्दोष आहे एवढं लिहून द्या, सर. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“तपासलंस कशावर?”

“चाळीस नोंदींवर. मी स्वतः बसून भरल्या. एकही रकाना रिकामा सोडला नाही.”

सरांनी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली.

“एक्केचाळिसावी भर. नाव लिही, जमीला इनामदार.”

तन्मय हसला. शिकत होता तेव्हा दोन वर्षं याच घरी सरांच्या पत्नीच्या, जमीलाचाचींच्याच हातचं जेवला होता. त्याने नाव लिहिलं आणि सवयीने पुढे ‘सुखरूप’ही लिहून टाकलं.

सरांनी हात पुढे केला. तो रकानाच काढून टाकला.

“चालव.”

लाल रेघ उमटली. जुन्या क्वेरीच्या उत्तरात जमीला इनामदार होत्या. नव्या क्वेरीच्या उत्तरात नव्हत्या.

इंदुबाई कुठे हरवल्या ते तन्मयला आता दिसत होतं. मग आणखीही काही दिसलं. येऊन तास होत आला होता, आतून कुणी बाहेर आलं नव्हतं. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं होतं.

“सर... चाची?”

“फेब्रुवारीत गेली.”

सरांनी कोरा कागद त्याच्याकडे सरकवला.

“आता विचारलंस... आता चौकशीला काय कळवायचं ते तूच लिही.”