चिमाक्काचा बदली माणूस

"पाठशाळा चालू असेल तोवर चाकरी, उन्हाळाभर सुट्टी!" असं कबूल करून करंजगडच्या राजांनी चिमाक्काला बाळराजांची दाई म्हणून ठेवलं खरं, पण चैत्र लागला की राजांना यातलं काहीच आठवायचं नाही!

तशी राजांची स्मरणशक्ती दांडगी होती. कोणत्या सरदाराने कधी मुजरा कमी लवून केला, ते त्यांना तोंडपाठ. विसर पडायचा तो फक्त दिलेल्या शब्दाचा.

उन्हाळा आला की पंतोजी गावी जायचे. दरबार तर सगळ्यांच्या आधी बंद! राजे वाळ्याच्या पडद्याआड आडवे व्हायचे, ते आभाळ भरून आल्यावरच उठायचे. भर उन्हात बाळराजांच्या मागे धावायची ती एकटी चिमाक्का.

तिची लेक सुंदरा उन्हाळ्यातच माहेरी येऊ शके. गेल्या साली ती आली, दाराला कुलूप बघून पायरीवर बसून रडली आणि तशीच परत गेली. चिमाक्काला हे मागाहून कळलं. या साली तर सुंदरा तान्हं बाळ घेऊन येणार होती!

शेवटच्या दरबाराच्या दिवशी चिमाक्का बाळराजांचं बोट धरून राजांपुढे उभी राहिली.

"म्हाराज, माझी सुट्टी!"

"कसली सुट्टी? अगं, उन्हाळ्यात पाठशाळा नाही, डबा नाही. पोर सांभाळायला असं लागतंच काय? ही सुट्टीच की!"

"तुम्ही शबूद दिला व्हता, म्हाराज."

सगळा दरबार ऐकत होता. राजांनी मिशीवरून हात फिरवला. "आम्ही शब्द मोडत नाही! जा खुशाल. फक्त बदली माणूस देऊन जा. पण पगार मागणारा नको!"

"बरं."

"सगळ्या वाड्याने त्याचा हुकूम झेलला पाहिजे!"

"बरं."

दिवाण त्रिंबकपंतांनाही चेव आला. "आणि बाळराजे आपणहून त्याच्या मांडीवर जाऊन बसले पाहिजेत!"

"शिवाय रात्री घरी जातो म्हणणारा नको!" राजांनी भर घातली.

दरबार खो खो हसला. फुकट राबणारा आणि वर सगळ्यांवर हुकूम सोडणारा माणूस कुठल्या बाजारात मिळणार!

चिमाक्का मात्र शांत होती. "म्हाराज, आणिक एक अट माझ्याकडनं घाला. उन्हाळाभर त्याला दुसरं काईच काम नसावं. न्हाईतर बाळराजांकडं ध्यान कोण देणार?"

"वा! घातली!" राजे खूश झाले. "असा माणूस दाखव. आम्ही त्याला नाही म्हटलं तर गादीची शपथ!"

"मग दाखवते की!"

चिमाक्काने बाळराजांचं बोट सोडलं. बाळराजे सुसाट पळाले, सिंहासन चढले, राजांच्या मांडीवर बसले आणि त्यांनी मिशी ओढायला घेतली.

"ह्यो बघा माझा बदली माणूस!" चिमाक्का म्हणाली. "पगार घेत न्हाई. सारा वाडा हुकूम झेलतो. बाळराजे आपणहून मांडीवर बसले. घर हितंच, म्हंजे रात्री जायचं न्हाई. आन् दरबार उद्यापासनं बंद!"

दरबारात कोणी हसेना. सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

"अगं, पण आम्हाला हे जमेल का?" राजांचा आवाज बारीक झाला.

"न जमायला काय झालं? उन्हाळ्यात पोर सांभाळायला लागतंच काय, म्हाराज!"

मिशी बाळराजांच्या मुठीत असतानाच राजांना हसू फुटलं, आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अंगावरचा जरीचा शेला त्यांनी सुंदराच्या बाळासाठी दिला, आणि चिमाक्काला घरी पोचवायला स्वतःचा रथ जोडायला सांगितला. शिवाय दर उन्हाळ्याची सुट्टी भर दरबारात पक्की केली.

गडबडीत त्रिंबकपंत हळूच दाराकडे सरकत होते.

"पंत! कुठे निघालात? बाळराजांना घोडा घोडा खेळायचंय, ओणवे व्हा!"

"पण महाराज, माझी उन्हाळ्याची सुट्टी..."

"जा की खुशाल!" राजे म्हणाले. "फक्त बदली माणूस देऊन जा!"